स्नेहाची दिनचर्या : दीर्घ दांपत्यजीवन आणि वैद्याचे कर्तव्य

दिवाळी जवळ आली की आपल्या सर्वांच्या औषधालयांत उटण्याची पाकिटे आणि सुगंधी तेलाच्या बाटल्या दर्शनी फळीवर येतात. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान, पाडव्याला पत्नीने पतीला तेल-उटणे लावणे, औक्षण आणि ओवाळणी हा क्रम महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही निष्ठेने पाळला जातो. भाऊबीज आटोपली की उरलेली पाकिटे आतल्या कपाटात जातात, ती पुढल्या आश्विनातच बाहेर येतात. वास्तविक अभ्यंग हा दिनचर्येतील उपक्रम आहे. आचार्यांनी तो नित्य करावयास सांगितला आणि आपण त्याचा वर्षातून एकदा येणारा सण केला.

'स्नेह' या एकाच शब्दाने आपले शास्त्र तेल-तुपाचा निर्देश करते आणि आपली भाषा प्रेमाचा. तेलाच्या बाबतीत जे घडले तेच बहुतेक घरांत प्रेमाच्याही बाबतीत घडते, असे वीस वर्षांच्या चिकित्साव्यवसायात आम्हांस वारंवार दिसून आले आहे. लग्नाचा वाढदिवस, पाडवा, एखादे नवे पातळ किंवा दागिना या निमित्तांनी स्नेहाचा पूर येतो आणि मधले सगळे दिवस कोरडे जातात. दीर्घ सहजीवनातील या कोरडेपणाचा विचार वैद्यकाच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. त्याचे उत्तर असे की, हा कोरडेपणा रोज आपल्याच दारात येऊन बसतो. फक्त तो दुसरे नाव सांगतो.

तक्रार एक, व्याधी दुसरी

'आमच्यातले प्रेम आटले' अशी तक्रार घेऊन कोणी रुग्ण येत नाही. पत्नी येते ती झोप न लागणे, डोके जड होणे, छातीत धडधडणे, कशातच मन न लागणे या लक्षणांनी. पती येतो तो अम्लपित्त, थकवा वा चिडचिड घेऊन. पुष्कळदा शेवटचा रुग्ण बाहेर पडेपर्यंत तो बाकावर थांबतो आणि मग आवाज खाली करून 'शक्तीचे काही' मागतो. औषधविक्रेत्या बंधूंना हा ग्राहक आमच्याहून अधिक परिचयाचा असेल. दुकानात गर्दी असली तर तो खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत जातो आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा येतो.

अशाच एका रुग्णाच्या बाबतीत आमच्या हातून झालेली चूक येथे सांगणे आवश्यक वाटते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रुग्ण माध्यमिक शाळेतील शिक्षक, वय बावन्न, विवाहास सव्वीस वर्षे झालेली. तक्रार अर्थातच 'शक्ती'ची. आम्ही रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घेतला, दोन्ही निर्दोष आढळले. कोष्ठ व अग्नी पाहून अश्वगंधा, कपिकच्छू, शतावरी अशी योजना दुधाबरोबर केली. पथ्य सांगितले. चार महिने औषध चालले. रुग्ण नियमित येत असे, पैसे देत असे आणि दर वेळी 'अजून तसा फरक नाही' एवढेच सांगत असे. आम्ही दोनदा मात्रा वाढविली आणि एकदा कल्प बदलला. घरी कसे चालले आहे, हे मात्र एकदाही विचारले नाही.

पाचव्या महिन्यात त्यांच्या पत्नी स्वतःच्या अनिद्रेसाठी आल्या. नाडी पाहता पाहता आम्ही सहज विचारले, "ही झोप कधीपासून गेली?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली." इतक्या नेमक्या उत्तराची आम्हांस अपेक्षा नव्हती. अकरा वर्षांपूर्वी दिराच्या दुकानाची थकबाकी भागविण्यासाठी यजमानांनी त्यांच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्यांना न सांगता. दुसऱ्याच कामासाठी सोनाराकडे गेल्या असता ते त्यांना तेथे कळले. "पाटल्या गेल्याचं दुःख नाही हो, डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मीच काढून दिल्या असत्या." त्यानंतर घरात भांडण असे झालेच नाही. स्वयंपाक, मुलांची शिक्षणे, सासूबाईंचे आजारपण सर्व यथासांग पार पडले. दोघांत बोलणे होई ते दूधवाला, वीजबिल आणि पाहुणे यांविषयी.

चार महिने आम्ही ज्या व्याधीवर औषध देत होतो, तिचे निदान त्या पाच मिनिटांत झाले.

चरकाचार्यांची दृष्टी

त्या रात्री आम्ही चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वाजीकरण अध्याय पुन्हा उघडला. पदवी परीक्षेच्या वेळी त्यातील कल्प पाठ केले होते आणि व्यवसायात आल्यावर तेच वापरले. परंतु त्याच अध्यायाच्या चौथ्या पादात पुरुषाची शक्ती का नाहीशी होते याची जी कारणे आचार्यांनी मोजली आहेत, त्यांजकडे आमचे लक्ष गेलेच नव्हते. जरा, व्याधी, अतिश्रम, उपवास ही शारीर कारणे तेथे आहेतच. त्यांच्या जोडीने चिंता आहे, शोक आहे, भय आहे, जोडीदारात दोषच दिसू लागणे आहे आणि 'अविश्रंभ' आहे. विश्रंभ म्हणजे विश्वासाने निश्चिंत होणे. तो गेला की शरीर धडधाकट असूनही हर्ष उत्पन्न होत नाही. हा हर्ष देहाच्या बलावर जितका अवलंबून असतो तितकाच सत्त्वाच्या, म्हणजे मनाच्या बलावर अवलंबून असतो, असा निर्वाळाही आचार्यांनी तेथेच दिला आहे.

सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात श्रेष्ठ भावांची जी मोठी सूची आहे, तीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वृष्य गोष्टींत तेथे संकल्पाला अग्रस्थान आहे, अवृष्य गोष्टींत दौर्मनस्याला. म्हणजे मन खट्टू असेल तर कपिकच्छू काय करणार? कच्च्या आव्यावर पाणी ओतल्यासारखे ते वाया जाणार.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. हा अध्याय त्या काळाच्या रीतीप्रमाणे पुरुषास केंद्रस्थानी ठेवून लिहिलेला आहे. स्त्रीचा निर्देश त्यात पुष्कळसा पुरुषाच्या हर्षाचे साधन म्हणून येतो. आज तो वाचताना वैद्याने तीच कारणे स्त्रीलाही लावून पाहिली पाहिजेत. भय, शोक, श्रम आणि अविश्रंभ यांचा भार स्त्रीच्या देहावर व मनावर कमी पडत नाही. आमच्या उदाहरणात शक्तीची तक्रार पतीची होती, पण विश्वास गेला होता तो पत्नीचा.

स्नेह कशाने आटतो?

मोठ्या आघातांपेक्षा नित्याच्या किरकोळ अपथ्यानेच बहुतेक व्याधी जडतात, हा आपला अनुभव आहे. दांपत्यजीवनातही तसेच घडते. शारीरस्थानात आचार्यांनी प्रज्ञापराधाचे जे तीन प्रकार सांगितले, ते येथे जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला धीभ्रंश, म्हणजे हिताला अहित समजणे. पत्नी 'इतका उशीर का झाला?' असे विचारते. तीत काळजी असते, पतीला मात्र उलटतपासणी ऐकू येते. पती थकून गप्प बसतो आणि पत्नीला तो अबोला वाटतो. वर्षानुवर्षांच्या सहवासाने माणसे एकमेकांना ओळखतात हे खरे, परंतु पुष्कळदा ती एकमेकांविषयीचा जुना ग्रह तेवढा ओळखतात. समोरचे माणूस मधल्या काळात बदललेले असते.

दुसरा धृतिभ्रंश. बोलू नये हे कळते, पण राहवत नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे वेग धारण करावयास सांगितले आहेत, त्यांत वाणीचेही वेग आहेत. कठोर बोलणे, अतिरेकी बोलणे, चहाडी, असत्य आणि अवेळी बोलणे. यांतील शेवटचे विशेष चिंतनीय आहे. बोलणे खरे असेल, गोडही असेल, पण ते दारात पाहुणे असताना, जेवणाच्या पानावर किंवा मध्यरात्री काढले तर तेही अपथ्यच ठरते. मलमूत्राचे वेग धरू नयेत आणि जिभेचे धरावेत, हा नियम आपण रुग्णांस सांगतो. घरोघरी व्यवहार नेमका याच्या उलट चालतो. अश्रू, भूक, झोप आणि थकवा दाबून ठेवला जातो आणि टोमणा तेवढा मोकळा सोडला जातो.

तिसरा स्मृतिभ्रंश. बाळंतपणात कोण रात्रभर जागले, नोकरी गेली तेव्हा कोणी घर सांभाळले, हे विसरले जाते आणि कोणत्या लग्नात कोणी कोणाचा पाणउतारा केला ते तिथीनिशी लक्षात राहते.

या तिन्हींच्या जोडीस एक नवे कारण आम्हांस गेल्या काही वर्षांत दिसते, ते निद्रेचे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य असे तीन उपस्तंभ शास्त्राने मानले. त्यांपैकी निद्रेचा स्तंभ आज बहुतेक शयनगृहांत मोबाइलच्या उजेडाने पोखरला आहे. दिवसभरात पती-पत्नींना मिळणारी अर्धी घटका त्या पडद्याकडे जाते. दोघे एकाच पलंगावर असतात, पण त्यांची गावे वेगळी असतात.

व्रण भरून येण्यास लागणारा काळ

मनातील कटुता शरीरापर्यंत पोहोचते, हे आपल्यास नवीन नाही. आधुनिकांनी ते मोजून पाहिले आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. ४२ निरोगी विवाहित जोडप्यांना त्यांनी दोन वेळा चोवीस-चोवीस तास रुग्णालयात ठेवले. दर वेळी दंडाच्या खालच्या भागावर, कोपर ते मनगट यांच्या मध्ये, लहान फोड उत्पन्न करून ते कसे भरून येतात याची नोंद घेतली. पहिल्या वेळी जोडप्यांनी परस्परांना आधार वाटेल असे बोलावयाचे होते, तर दुसऱ्या वेळी मतभेदाच्या विषयावर. मतभेदाच्या चर्चेनंतर व्रण सावकाश भरले. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात दोन्ही वेळा वैरभाव अधिक दिसला, त्यांचे व्रण भरण्याचा वेग कमी वैरभाव असलेल्यांच्या ६० टक्केच होता.

या प्रयोगातील सर्व माणसे निरोगी होती आणि चर्चा अवघी अर्ध्या तासाची होती. आपल्याकडे येणारा मधुमेही रुग्ण पायाचा व्रण घेऊन येतो आणि घरी वीस वर्षे धुमसत असलेला अबोला असतो. व्रणाचे शोधन-रोपण करताना या अबोल्याची चौकशी आपण करतो काय?

काशाची वाटी

आता त्या दांपत्याकडे वळू. पत्नीच्या संमतीने आम्ही दोघांना एकत्र बोलाविले. पहिल्या तीन भेटींत शिक्षक महाशय 'मी घरासाठीच केलं' यापलीकडे गेले नाहीत. चौथ्या भेटीत ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "विचारायची भीती वाटली. नाही म्हणाली तर भावाला काय तोंड दाखवू, म्हणून विचारलंच नाही. चुकलं माझं." बाई काही बोलल्या नाहीत. डोळे मात्र पुसले.

आचार्यांच्या सूचीतील भय एकाकडे होते आणि अविश्रंभ दुसऱ्याकडे. मात्र क्षमायाचना हे शोधन झाले. शोधनानंतर संसर्जन क्रम लागतो. केवळ 'चुकलं' म्हणण्याने अकरा वर्षे भरून निघत नाहीत. म्हणून बाईंच्या अनिद्रेसाठी आम्ही पादाभ्यंगाची योजना केली. रोज रात्री गाईचे तूप घेऊन काशाच्या वाटीने दोन्ही तळपाय मिळून पंधरा मिनिटे घासावयाचे आणि ते यजमानांनी करावयाचे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बाई एकदम म्हणाल्या, "अहो, त्यांनी माझ्या पायांना हात लावायचा? पाप लागेल मला!" आम्ही म्हणालो, "वैद्याने सांगितलेल्या उपचारात पाप नसते. तरीही तुम्हांला नको वाटले तर दुसरा उपाय सांगतो." त्या थोड्या थांबून म्हणाल्या, "आठ दिवस करून बघते."

आठ दिवसांनी दोघे आले तेव्हा सांगण्यासारखे विशेष काही नव्हते. यजमान वाटी फिरवीत होते, बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत होत्या. झोप किंचित सुधारली होती. तिसऱ्या आठवड्यात शिक्षक महाशय एकटेच आले आणि काहीशा संकोचाने सांगू लागले, "काल ती म्हणाली, डाव्या टाचेला जरा जास्त लावा, भेगा पडल्यात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. अकरा वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितले नव्हते.

पुढील वृत्तांत थोडक्यात असा. सहा महिन्यांत बाई रात्रीची सलग पाच तास झोप घेऊ लागल्या. शिक्षक महाशयांचे वाजीकर औषध आम्ही मध्यंतरी थांबविले होते. ते पुन्हा सुरू करावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. सर्व काही पूर्ववत झाले असे आम्ही म्हणणार नाही. पाटल्यांचा विषय निघाला की बाई आजही गप्प होतात. परंतु त्या गप्प राहण्यानंतर संध्याकाळचा चहा दोघे एकत्र घेतात. एवढे सुधारणेचे लक्षण मानण्यास आमची हरकत नाही.

अभ्यंगाचा गुण सांगताना चरकाचार्यांनी तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस असे तीन दृष्टांत दिले आहेत. तिघांनाही रोज आघात सोसावे लागतात. स्नेहाने ते आघात थांबत नाहीत, सोसण्याचे बळ येते. संसाराच्या गाड्याचा आस याहून वेगळा नाही.

उपचाराच्या मर्यादा

प्रत्येक ठिकाणी स्नेहनच करावे असे शास्त्रही म्हणत नाही. साम अवस्थेत स्नेहन निषिद्ध आहे. ज्या घरात मारहाण, धाक किंवा जाच आहे, तेथे पत्नीस 'जुळवून घ्या' असा सल्ला देणे हा वैद्याचा प्रमाद ठरेल. अशा वेळी रुग्णेशी एकांतात बोलावे, जखमांची नोंद नीट ठेवावी आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा व त्याखालील संरक्षण अधिकारी यांची माहिती द्यावी. काही विवाह सन्मानाने संपण्यातच दोघांचे आरोग्य असते, हेही मान्य केले पाहिजे.

तसेच प्रत्येक तक्रार मनाच्या खात्यावर टाकणेही घातक आहे. मधुमेह, रक्तदाब, त्यांवरील काही आधुनिक औषधे, मद्य व तंबाखू यांनी पुरुषाची शक्ती घटते. ही घट काही वेळा हृद्रोगाची पूर्वसूचना असते. रजोनिवृत्तीच्या सुमारास योनिशुष्कतेमुळे समागम वेदनादायी होतो. संकोचाने पत्नी कारण सांगत नाही आणि पती त्याचा अर्थ नावड असा घेतो. अशा वेळी दोघांना मिळून दिलेली दोन वाक्यांची माहिती आणि स्थानिक स्नेहन यांनी मोठा गैरसमज दूर होतो. विषाद रोगाची लक्षणे दिसल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये.

आपण काय करू शकतो?

वैद्यांनी 'शक्ती'च्या तक्रारीत निदान तीन प्रश्न विचारावेत. झोप किती व कशी होते? दिवसभरात दोघे एकमेकांशी, घरकामाखेरीज, किती वेळ बोलता? मनात काही अडून राहिले आहे काय? पहिल्या भेटीत उत्तर मिळेलच असे नाही. विचारले गेले, हे मात्र रुग्ण लक्षात ठेवतो.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी आणखी नाजूक आहे. रात्रीत गुण देण्याचा दावा करणारे, निर्मात्याचा धड पत्ता नसलेले वाजीकर कल्प दुकानात ठेवू नयेत. अशा 'वनौषधी' उत्पादनांत सिल्डेनाफिल मिसळलेले आढळल्याचे प्रकार अनेक देशांत उघडकीस आले आहेत. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब त्याने एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मनाई आहे, हेही विसरू नये. ग्राहक तिसऱ्यांदा तीच बाटली मागू लागला, तर 'एकदा वैद्यांना दाखवा' असे हलक्या आवाजात सांगावे. एका बाटलीचा नफा बुडेल, पण एखादे घर सावरेल.

आमच्या घरी

हे सर्व लिहिताना आमची स्वतःची बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. वर सांगितलेल्या दांपत्याची चिकित्सा चालू असतानाची गोष्ट. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून आम्ही घरी आलो आणि नेहमीप्रमाणे मुकाट्याने जेवावयास बसलो. वाढता वाढता सौ. म्हणाल्या, "अहो, दवाखान्यात प्रत्येकाला झोप कशी लागते म्हणून विचारता. मला विचारून किती दिवस झाले?"

आम्ही हिशेब करू लागलो. तो जमेना.

दिवसभर पन्नास जणांचे ऐकून घेणारा वैद्य घरी आल्यावर ऐकण्याचे दुकान बंद करतो, हा आपल्या व्यवसायाचा व्याधी आहे आणि वाचकांपैकी अनेकांना तो अपरिचित नसावा. त्या रात्री आम्ही तो प्रश्न विचारला. उत्तर बरेच लांबले. ताटातली आमटी निवली. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणखी एक काशाची वाटी घरी आली.

औषधविक्रेत्या बंधूंना शेवटी एवढीच विनंती की, येत्या दिवाळीत उटण्याच्या पाकिटांशेजारी काशाच्या चार वाट्याही मांडाव्यात आणि भाऊबीज झाल्यावर पाकिटे आत गेली तरी वाट्या दर्शनी फळीवरच राहू द्याव्यात.

इति शम्।